सत्काराच्या शाली आणि एक उंबरा

आमच्या म्युझियमच्या स्टोअर रूममध्ये दोन गोष्टी कधीच संपत नाहीत. एक, सत्काराच्या शाली. दुसरी, किस्से. शाली निदान घडी घालून कपाटात कोंबता येतात. किस्से डोक्यात बसतात, आणि कुणी सहज विचारलं, "काय मॅडम, कसं चाललंय म्युझियम?" की भडाभडा बाहेर पडतात. मैत्रिणी पोट धरून हसतात. मला मात्र हसू येत नाही. ज्या त्या वेळी जो संताप आला होता, तो जसाच्या तसा परत येतो. त्यामुळं मध्येच आवाज चढला तर समजून घ्या.

आधी माणसं सांगते. नांदेडला एका जुन्या जिनिंगच्या गोदामात आमचं आधुनिक कलेचं म्युझियम आहे. एका ट्रस्टचं. ट्रस्टचे अध्यक्ष नाना. नाना रस्त्यांचे ठेकेदार. कलेशी त्यांचा संबंध काय, असं एकदा एका पत्रकारानं विचारलं होतं. "गोदाम माझं आहे," नाना म्हणाले. संचालक सर मुंबईत राहतात आणि म्युझियम मोबाईलवर चालवतात. दारावर गफूरभाई. मी मूळची भोकरची, कार्यक्रम अधिकारी. म्हणजे खुर्च्या मांडण्यापासून शिव्या खाण्यापर्यंत जे काही पडेल ते.

*

उद्घाटनाचं आधी. आमच्या संग्रहातलं सगळ्यात मोठं चित्र कमलचं. कमल लातूर जिल्ह्यातली, शिरूर अनंतपाळची. सुताराची मुलगी. बाजार उठून गेल्यावरचं मैदान तिनं काढलं होतं: सडका भाजीपाला, विझलेली चूल, एक विसरलेली पिशवी. भिंतभर चित्र. समोरच्या भिंतीवर ते लावलं तेव्हा मी स्वतः शिडीवर चढले होते.

मंडपवाल्यानं स्टेज नेमका त्याच भिंतीला लावला. स्टेज आला की बॅनर आला. बॅनर बांधायला चित्राच्या वरचे हूक आयतेच होते! मी धावत गेले, भांडले, नानांना फोन लावला. नाना म्हणाले, "मॅडम, चित्र काय पळून जातं का? पाहुणे जातील."

मग सत्कार सुरू झाले. नानांनी पाहुण्यांचा केला, पाहुण्यांनी नानांचा केला, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा झाला, गोदामाला रंग देणाऱ्याचा झाला, मंडपवाल्याचा झाला. बॅनर ज्यानं छापला त्याचासुद्धा झाला. कमलचं नाव आलं तेव्हा निवेदकानं घड्याळ बघितलं आणि वेळेअभावी तिचा सत्कार टाळ्यांनी करायला सांगितलं. टाळ्या अर्ध्यावर थांबल्या, कारण तिकडं जेवणाची पंगत बसली होती.

कमलनं वडिलांना एसटीनं मुद्दाम आणलं होतं. म्हातारा कधी असल्या ठिकाणी गेला नव्हता. हॉल रिकामा झाल्यावर तो बॅनरपुढं उभा राहिला. नानांचा भला मोठा फोटो, त्याच्या आजूबाजूला छोटे छोटे फोटो, कोपऱ्यात एक ब्रश. बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "हे समदं तूच काढलंस?"

कमल म्हणाली, "न्हाई बाबा. माझं ह्याच्या मागं हाय."

*

दुसरं शालीचं. औरंगाबादच्या एका शिल्पकारानं मातीत एक बाई घडवली होती. भाजलेल्या मातीची, उकिडवी बसलेली, अंगावर कपडा नाही. बाळंतपणाच्या कळा सोसणारी बाई. एवढं खरं शिल्प मी मराठवाड्यात बघितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ट्रस्टच्या एका सदस्यांच्या सौभाग्यवती आल्या, त्यांनी बघितलं आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं नानांना सांगितलं. नानांनी मला सांगितलं, "झाका."

मी म्हटलं, झाकायचंच तर ठेवायचं कशाला? नाना म्हणाले, ठेवायचं, कारण सरांनी यादीत घेतलंय. पण झाकायचं, कारण आपल्याकडं लेकीबाळी येतात. मी म्हटलं, लेकीबाळी जगात कशा येतात, तेच ते शिल्प आहे. नानांनी फोन ठेवला.

मी नाही झाकलं. दुसऱ्या दिवशी रजेवर होते, तेवढ्यात नानांच्या माणसानं स्टोअर रूममधली शाल काढली आणि बाईच्या खांद्यावरून पार गुडघ्यापर्यंत गुंडाळली. जरीकाठाची, भरजरी. परत आले तर गफूरभाई दारातच उभे. चेहरा पडलेला.

"मॅडम, मी काय बोलू आता? लोगां येऊन येऊन विचारून राहिले, या बाईला कशाबद्दल पुरस्कार मिळाला."

मी आत जाऊन शाल ओढून काढली. त्यावर मला लेखी खुलासा मागण्यात आला. मी तो एका ओळीत दिला: बाईला उकडत होतं.

*

मग आम्ही मुलांसाठी चित्रकला स्पर्धा घेतली. विषय मीच दिला होता, 'माझं गाव'. परीक्षक म्हणून नानांनी आपले दोन स्नेही धाडले. एकाचं सिमेंटचं दुकान, दुसरे निवृत्त. कशातून निवृत्त, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मुलांनी काय काढलं ते सांगायलाच नको. दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, नारळाचं झाड. नांदेडमध्ये नारळ कुठं उगवतो? देवळात फुटतो तेवढाच! पण शाळेत तसंच शिकवतात. सगळ्या ढिगात एक चित्र वेगळं निघालं. एका मुलीनं पिवळा जेसीबी काढला होता. त्याच्या दाताखाली घराची भिंत, आणि भिंत पडल्यावरही उभी राहिलेली दाराची चौकट. चौकटीत एक म्हातारी बसलेली. रंग कागदाबाहेर गेले होते, पण मी ते हातातून खाली ठेवू शकले नाही.

परीक्षकांनी ते बाद केलं. कारण सांगितलं, "नकारात्मक आहे." पहिला नंबर नारळाला.

मी त्या दिवशी ओरडले. दोघा परीक्षकांसमोर, मुलांच्या आईबापांसमोर ओरडले, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. ते चित्र मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. पुढं कमल आली तेव्हा तिनं ते बघितलं. टेबलावर वाकून, अगदी नाक लागेपर्यंत. मग म्हणाली, "मॅडम, अशा चौकटी माझ्याकडं हायत. खऱ्या."

*

कंधारकडं जाणाऱ्या एका रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं. रस्त्याकडेची गावंच्या गावं मागं सरकवली गेली. कमल महिनोन्महिने त्या रस्त्यानं फिरत होती. जेसीबी घराशी आला की लोक पत्रे काढून घेत, भांडी बाहेर काढत. चौकट कुणी नेत नव्हतं. नव्या घरात लोखंडी दारं, आणि या सागाच्या, बाभळीच्या चौकटी जड. जळणात जायच्या. त्या कमल मागून घ्यायची. सुताराची मुलगी, तिला लाकडाची किंमत होती. पण तिला लाकूड नको होतं, उंबरे हवे होते. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हळदीकुंकू लावून लावून उंबऱ्यावर जो थर चढतो ना, बोटभर जाड, तांबडा-पिवळा, तो तिला दाखवायचा होता. मोकळ्या हॉलमध्ये नुसत्या चौकटी उभ्या करायच्या, भिंती नाहीत, छप्पर नाही. लोकांनी उंबरे ओलांडत फिरायचं. कल्पना ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.

तो रस्ता नानांच्याच कंपनीकडं होता. मला वाटलं, नाना प्रदर्शन होऊ देणार नाहीत. पण नानांना त्यात काही खटकलंच नाही! उलट ते खूश झाले. म्हणाले, आपल्याच साईटवरचा माल आहे, वाहतूक आपण करू.

आणि वाहतूक त्यांनी केली. चौकटी आधी त्यांच्या यार्डात गेल्या आणि तिथून म्युझियममध्ये आल्या. टेम्पोवरची ताडपत्री काढली तेव्हा मी आणि कमल शेजारी उभ्या होतो. चौकटी चकचकीत. नव्या कोऱ्या फर्निचरसारख्या. नानांचा सुपरवायझर कौतुकाच्या अपेक्षेनं हसत होता. "लई घाण बसली होती मॅडम. पॉलिश पेपर मारून पाक साफ करून दिलं. वरून मेलामाईनचा हात मारलाय. पैसे न्हाई घेणार आपण त्याचे."

कमल तिथंच खाली बसली. रडली नाही. एका उंबऱ्यावर हात फिरवत राहिली, मागंपुढं, मागंपुढं. मी त्या सुपरवायझरला जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

एकच चौकट वाचली होती. सगळ्यात जड, म्हणून सगळ्यात शेवटी राहिलेली. तिच्यापर्यंत येताना त्यांचं पॉलिश संपलं. ती त्याच रस्त्याकडेच्या एका गावातल्या गंगाबाईंची.

*

गंगाबाईंनी ती चौकट कशी दिली ते कमलनं मला तेव्हा सांगितलं. जेसीबी आला तेव्हा गंगाबाई उंबऱ्यात बसल्या आणि उठल्याच नाहीत. पोरांनी समजावलं, साहेबांनी दमदाटी केली. शेवटी त्यांनीच भावकीतल्या माणसांना बोलावून चौकट सुटी करून घेतली, मग घर पाडू दिलं. कमलला देताना एवढंच म्हणाल्या, "उभी ठिव, माय. आडवी नको ठिवूस." कमलनं शब्द दिला.

त्या शब्दापायीच कमलनं सगळ्या चौकटी म्युझियमच्या नावावर करून दिल्या. तिच्या घरात जागा नव्हती. म्हणाली, म्युझियमचं काम सांभाळायचं असतं ना? मी मान डोलावली. मी तरी दुसरं काय समजत होते!

*

प्रदर्शनाचं उद्घाटन. या वेळी बॅनर बाहेर लावला, एवढं मी भांडून मिळवलं होतं. फीत कुठं बांधायची हा प्रश्न नव्हताच, चौकट आयती होती. गंगाबाईंची, कारण तीच सगळ्यात उंच. नानांनी फीत कापली. फोटोग्राफर म्हणाला, नाना, जरा पोज द्या. नानांनी एक हात चौकटीवर ठेवला, छाती काढली आणि उजवा पाय, बुटासकट, उचलून उंबऱ्यावर ठेवला. शिकारीच्या फोटोत ठेवतात तसा.

मागं उभ्या असलेल्या बायकांमध्ये एकदम चुळबुळ झाली. आपल्याकडं उंबऱ्यावर कुणी बसत नाही, तिन्हीसांजेला तिथून काही देत-घेत नाहीत, पाय तर चुकून लागला तरी हात लावून नमस्कार करतात. ज्याचं सगळं बालपण उंबऱ्याच्या घरात गेलं, त्या माणसाला हे ठाऊक नसेल? ठाऊक होतं. पण समोर कॅमेरा होता.

गफूरभाई माझ्या कानाशी पुटपुटले, "मेरी अम्मी होती तो पाँव तोड देती."

फोटो झाल्यावर नाना चौकटीभोवती एक फेरी मारून आले. लाकूड टिचकीनं वाजवून बघितलं. मग मला म्हणाले, "वस्तू झकास आहे. आमच्या फार्महाऊसच्या गेटला शोभेल." मी समजले, कौतुक करताहेत.

*

एका गुरुवारी गफूरभाईंनी मला खाली बोलावलं. दारात एक म्हातारी उभी होती. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात पिशवी. तिकीट काढायला सांगितलं तर म्हणत होती, मला काय बघायचं न्हाई, मला आत जायचंय. मी नाव विचारलं. गंगाबाई.

मी त्यांना आत नेलं. बाकी चौकटींकडं त्यांनी बघितलंही नाही. आपल्या चौकटीपाशी आल्या, चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला. बाजूनं सगळी मोकळी जागा होती, भिंत तर नव्हतीच. तरी त्या दारातून गेल्या. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, पाऊल उचलून आत ठेवलं आणि पलीकडं फरशीवर बसल्या. मग पिशवीतून करंडा काढला. 'हात लावू नये' ही पाटी शेजारीच होती. त्यांनी पाटी जराशी बाजूला सरकवली आणि उंबऱ्याला हळदीकुंकू लावलं.

मी थांबवलं नाही. त्यानंतर त्या दर गुरुवारी यायला लागल्या. येता-जाता मला विचारायच्या, "ठीक हायस ना, माय?" नव्या घराबद्दल एकदाच बोलल्या. म्हणाल्या, घर चांगलं आहे, पंखे आहेत, पण उंबरा नाही. फरशी सरळ बाहेर जाते. आत कुठून सुरू होतं तेच कळत नाही.

संचालक सरांनी हे मोबाईलवर, कॅमेऱ्यात बघितलं. मला मेल आला. कलाकृतीवर एक महिला वारंवार रंगीत पावडर टाकत आहे, सुरक्षा व्यवस्था काय करते? मी कमलला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना लिहा, काम अजून चालू हाय." मी तसंच लिहिलं. सरांना ते फारच आवडलं. त्यांनी मुंबईच्या एका भाषणात ते वाक्य स्वतःचं म्हणून वापरलं!

*

आता ज्यानं माझी झोप उडाली ते. नानांना कुठलासा जीवनगौरव मिळाला आणि ट्रस्टनं ठरवलं की नानांचा सत्कार नानांच्याच म्युझियममध्ये करायचा. त्याच बैठकीत सदस्यांनी ठराव केला: अध्यक्षांच्या सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून संग्रहातली एक चौकट त्यांना भेट द्यावी. कुठली, ते नानांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मी नानांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, ही वस्तू म्युझियमची आहे, कमलनं विश्वासानं दिली आहे. नाना शांत होते. त्यांचा राग कधी दिसत नाही, तेच वाईट. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला मी नवी करून देतो. अस्सल सागवान, नक्षीकाम. ह्याच्यापेक्षा भारी. वरती हळदकुंकू पण मारून देऊ." मी म्हटलं, त्या बाईंना काय सांगू? त्यावर ते खरोखर गोंधळले. "कुठल्या बाईंना?"

मी संचालक सरांना फोन केला. ते म्हणाले, ट्रस्टशी संबंध बिघडवू नका. कमलला फोन केला. ती म्हणाली, "फार्महाऊसच्या गेटला म्हणजे गाड्या जाणार त्यातून. उंबरा काढून टाकतील, मॅडम. उंबऱ्यावरनं गाडी कशी जाईल?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी रात्रभर त्या वाक्याभोवती फिरत राहिले.

गुरुवारी गंगाबाई आल्या तेव्हा त्यांना सांगणं भाग होतं. मी सांगितलं. सत्कार झाला की संध्याकाळी टेम्पोत घालून नेणार, हेही सांगितलं. मला वाटलं, रडतील, शिव्याशाप देतील. मला तर ते हवंच होतं, माझ्यासोबत कुणीतरी संतापायला हवं होतं. त्यांनी करंड्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "कोणच्या दिशी हाय सत्कार?"

मी तारीख सांगितली.

"बरं," म्हणाल्या, आणि त्याच दारातून बाहेर पडून घरी गेल्या.

*

सत्काराच्या दिवशी हॉल तुडुंब. चौकटी बाजूला सरकवून मध्ये खुर्च्या टाकल्या होत्या. गंगाबाईंची चौकट तेवढी प्रवेशाशीच उभी केली होती, कारण भेट म्हणून तिच्यावर लाल रिबनचं फूल लावलं होतं. बाहेर टेम्पो येऊन थांबला होता. कमल शिरूरहून आली होती, माझ्याशेजारी बसली होती, हात मांडीवर घट्ट आवळून.

सत्कार झाले. किती झाले ते विचारू नका. शेवटी ठराव वाचला, टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुण्यांनी सुचवलं की भेटवस्तूसोबत एक फोटो व्हावा. नाना उठले. खांद्यावर शालींचा ढीग, गळ्यात हार. चौकटीत जाऊन, तोंड बाहेर करून उभे राहिले. फोटोग्राफर समोर गेला. नानांनी हात चौकटीवर ठेवला, छाती काढली, आणि उजवा पाय उंबऱ्यावर ठेवला. परत. अगदी तसाच.

तेवढ्यात हलगी ऐकू आली.

आधी वाटलं, रस्त्यानं कुणाची वरात चालली आहे. पण आवाज जवळ आला. फाटकातून आत आला. गफूरभाईंनी दोन्ही फाटकं सताड उघडली होती, आणि ती कुणी उघडायला सांगितली ते त्यांनी मला अजूनही सांगितलेलं नाही. पुढं हलगीवाले, मागं बायका, आणि मध्ये नवरा-नवरी. मुंडावळ्या तशाच, आदल्या दिवशीच लग्न लागलेलं. सगळ्यांच्या पुढं गंगाबाई. एका हातात तांदळानं भरलेलं माप, दुसऱ्या हातात आरतीचं ताट.

हॉलमध्ये कुणाला काय चाललंय ते कळेना. पाहुणे हसत होते, त्यांना वाटलं सांस्कृतिक कार्यक्रम आहे. नाना मात्र हसत नव्हते. ते जिथं होते तिथंच उभे होते, कारण समोरून वरात आल्यावर बाजूला व्हायचं की नाही, हेच त्यांना ठरवता येईना.

गंगाबाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. रिबनचं फूल ओढून काढलं, खाली टाकलं. उंबऱ्यावर, नानांच्या बुटाच्या शेजारी, माप ठेवलं. नातवाला आणि नातसुनेला ओवाळलं. मग मागं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या बालाजीची नवरी हाय. शीतल. आपल्या उंबऱ्यावरनं घरात येणार हाय. न्हाई तर कोणच्या उंबऱ्यावरनं यील?"

आता रीत अशी की नवरीनं नाव घेतल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नाही. करवल्या दार अडवतात. इथं दार आधीच अडलेलं होतं. बायका ओरडल्या, "नाव घे, नाव घे." हलगी थांबली. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला नव्हता. कमल उठून उभी राहिली होती.

शीतल विशीतली पोर. मान खाली. तिनं एकदा माप बघितलं. मग बूट बघितला. मग मान वर केली, नानांच्या तोंडाकडं सरळ बघितलं, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"भिंत न्हाई, छप्पर न्हाई, दार तेवढं हाय,
बालाजीरावांचं नाव घेते, नाना, उंबऱ्यावरचा काढा पाय."

नानांनी पाय काढला.

टेम्पो संध्याकाळी रिकामाच गेला.